पाने मोजू नका, मात्रा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सगळ्याच वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत पाल्याचे उपाय छापून येऊ लागतात. 'रोज अनशापोटी सदाफुलीची पाच पाने चावून खावीत, साखर आटोक्यात राहते', 'डेंग्यूत पपईच्या पानांचा रस द्यावा', 'खोकल्यावर अडुळशाचा काढा घ्यावा'. या पानांत औषधी घटक आहेत हे खरेच आहे, त्यामुळे असे उपाय सरसकट थोतांड म्हणून उडवून लावणे आम्हाला मान्य नाही. आमची तक्रार छापण्याच्या तऱ्हेविषयी आहे. पाने मोजली जातात, पण पानातला घटक किती, तो पाण्यात उतरतो का, आणि कोणी तो घेऊ नये, हे कुठेच येत नाही. वाचक त्या पाच पानांवर विसंबून गोळी बंद करतो किंवा गोळीच्या जोडीला पाने खाऊ लागतो. दोन्ही घातक आहे.

सदाफुलीपासूनच सुरुवात करू, कारण 'पानातून औषध' या विषयाचा सर्वांत मोठा धडा तिच्यात आहे. ही मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा चहा मधुमेहावर पीत असत. १९५२ साली तिथून काही पाने कॅनडात पोहोचली आणि वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांनी साखर उतरते का ते पाहायला उंदरांवर प्रयोग सुरू केले. तोंडावाटे दिलेल्या अर्काने साखरेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोच अर्क टोचला तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या आणि अस्थिमज्जा दबली होती. ज्या घटकाने हे केले तो चार्ल्स बिअर यांच्या साथीने वेगळा काढला गेला आणि १९५८ साली जाहीर झाला. तो व्हिनब्लास्टिन. पाठोपाठ त्याच पानातून व्हिनक्रिस्टिन मिळाले, आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात.

आता प्रमाण पाहा. टनभर वाळलेल्या पानांतून व्हिनक्रिस्टिन निघते ते मोजके काही ग्रॅम. रुग्णाला ते आठवड्यातून एकदा देतात, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम या हिशेबाने, आणि प्रौढांतही सहसा एका वेळी २ मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. तेही फक्त शिरेतून. मात्रा वाढली तर हातापायांच्या नसा बधिर होतात, आतडी मंदावून पोट गच्च होते. पाच ओल्या पानांचे वजन दोन-तीन ग्रॅम, वाळल्यावर अर्धा ग्रॅम धरा. म्हणजे पाच पानांनी कर्करोग बरा होणे शक्य नाही, हे साध्या त्रैराशिकाने कळते. मग साखरेचे काय? उंदरांवरच्या काही प्रयोगांत ती उतरलेली दिसते, पण माणसाला किती पाने, किती दिवस, कोणत्या गोळीबरोबर, हे ठरलेले नाही. त्या पानात शंभराहून अधिक अल्कलॉइडे (शरीरावर तीव्र परिणाम करणारे, नायट्रोजन असलेले वनस्पतीतले घटक) आहेत, त्यांतली काही पेशींची वाढ रोखणारी. गर्भवतीने आणि मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या स्त्रीने सदाफुली पोटात घेऊच नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने साखर उतरवणारा कोणताही पाला स्वतःहून जोडीला घेतला तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची चिन्हे. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी.

साखरेचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जगात मधुमेहावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनचा धागाही एका पाल्यापर्यंत जातो. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपी झुडपात गॅलेजिन हा घटक आहे. तो साखर उतरवतो, पण विषारी आहे. हे झुडूप खाऊन मेंढ्या मरतात. त्याच्या रचनेच्या जवळचा, सौम्य असा मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५७ साली जाँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने तो मधुमेहींवर वापरून दाखवला. पानाने वाट दाखवली, पण माणसाच्या पोटात गेला तो तिथे सापडलेला पदार्थ नव्हे. पाल्याचा अभिमान बाळगताना ही पायरी गाळली जाते.

अडुळशाचे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. त्याच्या पानातील मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन बनवले गेले आणि शरीरात ब्रोमहेक्झिनपासून तयार होणारा ॲम्ब्रॉक्सॉल पुढे स्वतंत्र औषध झाला. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ही दोन नावे दिसतात. दोन्ही चिकट कफ पातळ करतात, म्हणून छातीत कफ साठलेल्या खोकल्याला ती लागू पडतात. कोरड्या ढासेत त्यांचा फारसा उपयोग नाही.

घरी अडुळसा वापरायचा तर आधी झाड ओळखा. अडुळशाचे पान साधे, लांबट, दोन्हीकडे निमुळते. फांदीवर पाने समोरासमोर जोडीने येतात. चुरगळल्यावर उग्र वास आणि चव कडू. बाजारात वाळल्या पाल्यात महारुखाची पाने मिसळलेली सापडतात. महारुखाचे पान संयुक्त असते, लांब देठावर पुष्कळ पर्णिका, आणि प्रत्येक पर्णिकेचा बुंधा तिरपा, एका बाजूला झुकलेला. चुरा झाल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अडुळशाच्या चुऱ्यात खड्यांनी भरलेल्या पेशी दिसतात, पण ते घरी कसे पाहणार? म्हणून चूर्ण विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या झाडाची ताजी पाने बरी.

ही पाने नुसती वाटून पिळली तर रस जवळजवळ निघतच नाही. लगदा होतो आणि फडक्यात अडकून राहतो. पाणी घालून वाटले तर मात्रेचा अंदाज जातो. म्हणूनच वैद्यकात अडुळशाचा रस पुटपाकाने, म्हणजे पाने गुंडाळून विस्तवाची धग देऊन, काढायला सांगितला आहे. घरी त्याची सोपी रीत अशी: पक्व हिरवी पाने (पिवळी पडलेली किंवा डागाळलेली नकोत) धुऊन पुसून घ्या, केळीच्या पानात गुंडाळा, मोदकपात्रात दहा ते पंधरा मिनिटे वाफवा, गरम असतानाच खलबत्त्यात कुटा आणि सुती फडक्यातून पिळा. वाफेने पेशींच्या भिंती मऊ होतात आणि रस सुटतो. हा रस त्याच दिवशी संपवायचा. प्रौढाला दिवसभरात मिळून १० ते २० मिलि, म्हणजे दोन ते चार लहान चमचे, ही आयुर्वेदीय मात्रा आहे. लोक काढा म्हणून पेलाभर पितात आणि मग मळमळते, उलटी होते. मधाशी घेण्याची पद्धत चांगली आहे, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जंतुबीजांमुळे बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. बाळांना अडुळसाही घरच्या अंदाजाने देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते. गर्भवतीला अडुळसा वर्ज्य आहे. आजवर छापून आलेल्या पाककृतीवजा उपायांत हे वाक्य आम्हाला क्वचितच आढळले.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, थुंकीत रक्त दिसले, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर अडुळसा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. अडुळशाने कफ सुटतो, खोकल्याला जरा आराम पडतो, आणि त्या आरामातच रोगाचे निदान होणे महिनाभर लांबते.

पपईच्या पानांविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे चूक झाली तर दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. या पानात कार्पेन हे अल्कलॉइड आणि इतर घटक आहेत. मलेशियात डेंग्यूच्या २२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या रुग्णांना ५० ग्रॅम ताज्या पानांचा रस रोज एकदा, तीन दिवस दिला गेला. दोन दिवसांत त्यांच्या प्लेटलेट्स इतरांपेक्षा जास्त वाढलेल्या दिसल्या. आपल्याकडे ११०० मिलिग्रॅम अर्काच्या गोळ्याही मिळतात, दिवसातून तीनदा, पाच दिवस. म्हणजे पपईच्या पानात काहीच नाही असे म्हणता येत नाही.

पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्याने नव्हे. केशवाहिन्यांतून रक्तातले पाणी झिरपून बाहेर जाते, रक्त दाट होते, दाब कोसळतो, आणि त्यात जीव जातो. हे घडते ताप उतरायच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि हा धोका चोवीस ते अठ्ठेचाळीस तास राहतो. नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, 'ताप गेला, आता बरे आहे.' तो काळ सरला की प्लेटलेट्स आपोआप वर चढतात. ज्याने तिसऱ्या दिवशी रस सुरू केला त्याला वाटते रसाने चढल्या. पानाच्या रसाने झिरपणे थांबते किंवा मृत्यू टळतो असे कोणत्याही भक्कम चाचणीने दाखवलेले नाही. शिवाय तो रस इतका कडू असतो की पुष्कळांना उलट्या होतात, आणि सतत उलट्या हे डेंग्यूतले धोक्याचे लक्षण आहे. रसाची उलटी कोणती आणि आजाराची कोणती, हे डॉक्टरांना कसे कळणार?

म्हणून कोणी रस देणारच असेल तर डॉक्टरांना तसे सांगून द्यावा, आणि पुढच्या गोष्टी त्याआधी कराव्यात. तापाला फक्त पॅरासिटामॉल; ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. ओआरएस, ताक, पेज, शहाळे थोडे थोडे सतत. लघवी सहा तासांत झाली नाही, पोट जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, हातपाय गार पडले, रुग्ण सुस्त किंवा अस्वस्थ झाला, तर लगेच रुग्णालय. तपासणीच्या कागदावर प्लेटलेट्सच्या आकड्याइतकेच हिमॅटोक्रिटकडे (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाकडे) लक्ष द्या. तो वीस टक्क्यांनी वाढला तर रक्त दाट होत आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी पपईचे पान टाळावे.

काढ्याविषयी एक समज फार खोल रुजला आहे: पान जितके उकळाल तितके औषध उतरते. घटक पाण्यात विरघळतो का आणि उष्णतेला टिकतो का, यावर ते अवलंबून आहे. याचे जगप्रसिद्ध उदाहरण आर्टेमिसिनिन. चीनमध्ये मलेरियावरच्या संशोधनात तू यूयू यांच्या गटाने आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीचे अर्क तपासले, तेव्हा गुण कधी यायचा, कधी नाही. जुन्या ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितले होते, उकळायला नव्हे. त्यावरून त्यांना शंका आली की उष्णतेने घटक मोडत असावा. त्यांनी सुमारे ३५ अंशांनाच उकळणारा ईथर वापरला आणि १९७१ साली पानांच्या त्या अर्काने उंदरांतले मलेरियाचे परजीवी पूर्ण नष्ट झाले. त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले. आज गडचिरोलीत फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या रुग्णाला ज्या गोळ्या मिळतात, त्यांत याच घटकापासून केलेले आर्टेसुनेट असते. पण त्या पाल्याचा चहा पिऊन मलेरिया बरा करावा, याला जागतिक आरोग्य संघटनेचा पाठिंबा नाही. पाण्यात हा घटक नीट उतरत नाही, प्रत्येक घोटात वेगळा येतो, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेले परजीवी औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो.

दुसरा समज याच्या उलट टोकाचा: पान निरुपद्रवी, तर त्याचा अर्क दुप्पट निरुपद्रवी. हिरव्या चहाचा अनुभव पाहा. कपातून पिणाऱ्याच्या पोटात त्यातला ईजीसीजी हा घटक दिवसाला साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातो आणि शतकानुशतके लोक तो पीत आले आहेत. तोच घटक कॅप्सूलमध्ये दाटवला आणि दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक झाला की यकृताची एन्झाइमे वाढलेली आढळतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ साली काढला. वजन उतरवायला या कॅप्सूल अनशापोटी घेतल्या जातात, आणि उपाशीपोटी हा घटक रक्तात अधिक शोषला जातो.

अश्वगंधेची गोष्ट तर थेट खरेदीदाराच्या खिशाशी जोडलेली आहे. औषध म्हणून तिचे मूळ वापरायचे. पण मूळ खणायला रोप संपते. पाला मात्र पुन्हा पुन्हा तोडता येतो आणि स्वस्त पडतो. पानात विथाफेरिन-ए हा पेशींना मारक घटक मुळापेक्षा जास्त असतो. पानांचा अर्क मिसळला की 'विथॅनोलाइड्स'चा (विथाफेरिन-ए ज्यात मोडतो त्या घटकांच्या गटाचा) आकडा वेष्टनावर घसघशीत दिसतो. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने वापरू नयेत असे कळवले. तेव्हा बाटलीवर 'मूळ' हा शब्द आहे का, ते पाहूनच घ्या.

बाटली हातात घेतल्यावर आणखी काय पाहावे? आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावे आणि प्रमाण छापणे बंधनकारक आहे. समजा 'गुडमार पानांचा अर्क ५०० मिग्रॅ, जिम्नेमिक आम्ले २५ टक्के' असे लिहिले आहे, तर एका कॅप्सूलमध्ये मुख्य घटक १२५ मिलिग्रॅम. हा हिशेब लागतो. (गुडमारचे पान चावले की गोडाची चव तासभर जाते, साखर वाळूसारखी लागते, जिभेवरच्या गोड चव टिपणाऱ्या केंद्रांना हीच आम्ले अडवतात.) पण नुसतेच '१०:१ अर्क' लिहिले असेल तर त्याचा अर्थ दहा किलो वाळल्या पानांचा एक किलो अर्क, इतकाच. ताज्या पानात ७५ ते ८० टक्के पाणी असते, त्यामुळे ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे पाच ग्रॅम वाळली किंवा वीस-पंचवीस ग्रॅम ओली पाने. त्यांतून काय उतरले हे द्रावकावर, म्हणजे अर्क ज्या द्रवात काढला त्यावर, ठरते. पाण्याने टॅनिन, शर्करा, सॅपोनिन उतरतात. अल्कोहोलने अल्कलॉइडे आणि फ्लेव्होनॉइडे अधिक. हेक्झेनने मेण आणि हरितद्रव्य. द्रावक आणि मुख्य घटकाची टक्केवारी दोन्ही नसतील तर १०:१ हा आकडा वाचून काही कळत नाही. पावडर सुटी राहावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन ही पिठूळ भर मिसळतात, तेही त्याच वजनात धरलेले असते.

घरी पाला वाळवणाऱ्यांसाठी थोडेसे. सावलीत, एकाच थरात, वारा लागेल असा पसरा. ढीग घातला की आत ऊब धरते, पाने काळवंडतात, पानातलीच एन्झाइमे घटक मोडून टाकतात आणि बुरशी धरते. पान मोडताना कडकन तुटले म्हणजे वाळले. वाकले तर अजून ओल आहे. रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या बांधावरची पाने घेऊ नका. आणि कण्हेर, पिवळी कण्हेर यांच्या पाल्याला घरगुती मात्राच नाही. हृदयावर चालणाऱ्या डिगॉक्सिनसारखीच ग्लायकोसाइडे त्यांत आहेत. डिगॉक्सिनची गोळी असते पाव मिलिग्रॅमची, तरी डॉक्टर रक्तातली पातळी तपासतात. कण्हेरीचे विष वाळवून किंवा उकळून जात नाही.

संपादक महोदय, आमची विनंती अशी की कोणताही पाल्याचा उपाय छापताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणता भाग, वजनात किंवा मिलिलिटरमध्ये मात्रा आणि मुदत, आणि कोणी घेऊ नये, हे चारही मुद्दे लेखकाकडून मागवावेत. एक जरी नसेल तर मजकूर परत पाठवावा. शक्य असेल तिथे औषधांचे दुष्परिणाम कळवण्याची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-१८०-३०२४ हीदेखील खाली द्यावी. जागा फार लागत नाही. अडुळशाचे चौकटीत असे बसते:

'अडुळसा (जस्टिशिया अधाटोडा), पक्व हिरवी पाने, वाफवून काढलेला ताजा रस. प्रौढांना दिवसभरात १० ते २० मिलि, कफाच्या खोकल्यात, जास्तीत जास्त एक आठवडा. गर्भवती आणि लहान मुले यांना देऊ नये. खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीत रक्त दिसले तर थुंकीची तपासणी.'

आपले,
वनौषधीशास्त्राचे अध्यापक, पुणे